बेलभंडाऱ्यावर दिलेली जागा

बारामती
३ जुलै २०२३

तात्या,

नमस्कार. पोस्टानं पत्र आलं म्हणून दचकू नका. तुमचा फोन चार दिवस बंद आहे, आणि तसंही इथून पुढं वसतिगृहाबद्दल आपल्यात जे काही बोलणं होईल ते कागदावर असावं असं मला वाटतं. हे मी वकील म्हणून सांगते. खरं सांगायचं तर फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला हे बोलताच येणार नाही.

शुक्रवारी पतसंस्थेची माणसं अंथुर्ण्याला वसतिगृहावर येऊन गेली. पोरी जेवायला बसल्या होत्या. दीपकदादाच्या दुधाच्या टँकरचं कर्ज थकलंय आणि जामीनदार म्हणून तुमची सही आहे, हे त्यांनी स्वयंपाकाच्या रंगूबाईंना भर पंगतीत सांगितलं. जाताना फाटकावर नोटीस चिकटवली. रंगूबाईंनी ती ओल्या फडक्यानं खरवडून काढली, पण तोवर चाळीस पोरींनी वाचून झाली होती. वाचायला तुम्हीच शिकवलंय.

काल विश्वस्तांची बैठक झाली. सर्जेरावकाकांनी तुमचा निरोप सांगितला. संस्थेची मुदतठेव तीन महिन्यांसाठी उसनी द्या, टँकर विकला की भरतो, असा. काका तर लगेच सही करायला निघाले होते. मी नाही म्हटलं. तात्या, ते पैसे पोरींच्या वर्षाच्या जेवणाचे आहेत. त्यातला एक रुपया जरी तुमच्या घरच्या देण्याला गेला, तरी संस्था आणि तुम्ही एकच आहात असं आपण लिहून दिल्यासारखं होईल. मग पतसंस्थेला फाटकाबाहेर थांबायचं कारणच उरणार नाही.

अध्यक्षपदाचा राजीनामा पाठवा. चेकवर तुमची सही चालणार नाही, असं बँकेला कळवा. आणि कुशाकाकू गेल्यापासून तुम्ही वसतिगृहाच्या पुढच्या खोलीत राहता, ती खोली सोडा. गावातल्या घरीही नको, कारण तिथून रोज फाटकाशी याल. तुम्ही जिथं असाल तिथं ती माणसं येणार.

जागेचं बक्षीसपत्र कपाटात सापडलं नाही. कुठं ठेवलंय ते कळवा.

मी पहिल्या तुकडीतली. सहा वर्षांची असताना तुम्ही मला मेंढरांच्या मागून उचलून आणलंत. तुम्हालाच बाहेर व्हा म्हणायची वेळ माझ्यावर यावी, ह्याचं मला किती वाईट वाटतंय ते कागदावर मांडता येत नाही.

वैष्णवी


पळसदेव
१२ जुलै २०२३

वकीलबाई,

आशीर्वाद. राजीनामा आणि बँकेचं पत्र सोबत आहे. राजीनामा तीनदा लिहिला. पहिल्या दोन्हींत मधेच पोरींना उपदेश करायला लागलो, म्हणून फाडले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चार ओळींत थांबणं जड जातं.

धाकट्या बहिणीकडे, फुलाबाईकडे, आलो आहे. समोर उजनीचं पाणी. सकाळी होड्या निघतात, मासळीचा वास थेट अंथरुणापर्यंत येतो. फुलाबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "दादा, वसतिगृह तुजं हाय, का तू वसतिगृहाचा?" मी म्हटलं, आता दोन्ही नाही. मग तिनं ताट वाढलं.

ठेवीबद्दल तू नाही म्हणालीस ते बरोबर आहे. हे कबूल करायला मला आठ दिवस लागले. आधी दोन दिवस तुझा फार राग आला होता. पोराच्या दारात माणसं उभी राहिली की बापाची अक्कल चालत नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो.

आता जागेचं. बक्षीसपत्र कुठं ठेवलं म्हणतेस. ते ठेवलेलं नाही, कारण केलेलंच नाही.

तू तेव्हा लहान होतीस. नव्याण्णव साली बिरोबाच्या देवळापुढं गाव जमलं होतं. पोरींना परगावी ठेवायला कोणी तयार नव्हतं. लोक म्हणायचे, आज मास्तर जागा देतोय, उद्या त्याचा पोरगा हाकलून काढील. तेव्हा मी सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलला. म्हटलं, "ही वीस गुंठं आजपासनं पोरींची. माजी न्हाय, माज्या पोराची न्हाय." तुझ्या बापानं तिथंच भंडारा कपाळाला लावला आणि तुला माझ्या हाती दिली. त्यानंतर कागद कोण करणार? एक-दोनदा सर्जेरावानं विषय काढला, तर मीच त्याला गप्प केलं. देवापुढं दिलेलं तलाठ्यापुढं पुन्हा द्यायचं म्हणजे पहिलं खोटं होतं का, असं वाटायचं. आमच्यात भंडाऱ्याचा शब्द कोणी मोडत नाही. पतसंस्था आमच्यातली नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे सातबारा अजून माझ्याच नावावर आहे. तू इंदापूरला ये. परवाच नोंदवून टाकू.

जोतीराम


बारामती
२० जुलै २०२३

तात्या,

तुमचं पत्र कोर्टाच्या बाररूममध्ये वाचलं आणि तिथंच डोक्याला हात लावून बसले. शेजारच्या वकिलानं विचारलं, केस गेली का? मी म्हटलं, वसतिगृह गेलं.

अजून गेलेलं नाही. पण इंदापूरला जाऊ नका. आज बक्षीसपत्र केलं तर पतसंस्थेचा वकील म्हणेल, देणं चुकवायला म्हाताऱ्यानं जागा संस्थेच्या नावावर केली. कोर्ट त्याचंच ऐकेल. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. जामिनकीतून तुम्ही लेखी मोकळे होत नाही तोवर त्या जागेला हात लावायचा नाही. पोरी बेलभंडाऱ्यावर झोपतात, हे मी कोणत्या न्यायाधीशाला सांगू?

मी पतसंस्थेत जाऊन आले. थोडी मुदत देतील, पण जप्तीच्या यादीत वसतिगृहाची जागा पहिली आहे. बारामतीत भाड्याची इमारत बघतेय. अजून पोरींना सांगितलेलं नाही.

आणखी एक मागते. पंधरा ऑगस्टला येऊ नका. तुम्ही झेंड्याला हमखास असता हे त्यांना माहीत आहे, आणि पुन्हा पोरींसमोर तमाशा नको.

बाभळीखाली पांढरी टोपी घालून तुम्ही उभे नसाल, असा पंधरा ऑगस्ट मला आठवत नाही.

वैष्णवी


पळसदेव
१६ ऑगस्ट २०२३

चि. वैष्णवी,

आलो नाही. इथल्या शाळेत गेलो. मुलं गोड होती, पण माझं लक्ष घड्याळात. आठ वाजले, आता रांगा लागल्या. सव्वाआठ, आता कोणीतरी चक्कर येऊन पडली, कारण उपाशी पोटी यायची खोड जात नाही. साडेआठला मी घरी येऊन पडून राहिलो.

तुझ्याकडे संस्थेचं काही मागत नाही. मला फक्त सांग. पहाटे उठवतं कोण? मी कडी वाजवायचो, नाव घेऊन हाक मारायचो नाही, कारण नाव घेतलं की एकच उठते. मागच्या टाकीचा वॉल्व नीट बसत नाही, तो अर्धा फिरवून मग पूर्ण फिरवायचा. शनिवारची पत्रं चालू आहेत का? तुमच्या वेळी दिवाळीनंतर आई-बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरले, की तुम्ही वाटेवरच्या दुकानदारांच्या पत्त्यावर पत्रं टाकायचात. ते पीठ घ्यायला थांबले की दुकानदार वाचून दाखवायचे. तू एकदा लिहिलं होतंस, आई, मला इथं भाकरी गरम मिळते म्हणून रडू येतं. ते पत्र मी पाठवण्याआधी वाचलं होतं. माफ कर.

पोरींना माझ्याबद्दल काय सांगितलंय? आजारी आहे असं सांगू नका. त्या काळजी करतील.

मला फार आठवण येते. माणसांची येते तशी नाही. संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी पाच मिनिटं जो गलका असतो, त्याची येते.

जोतीराम


बारामती
६ नोव्हेंबर २०२३

श्री. जोतीराम यांस,

माझ्या तीन पत्रांना तुमचं उत्तर नाही. फुलाआत्यांच्या घरी निरोप ठेवला, त्यालाही नाही. तुम्ही रागावला असाल हे मी समजून घेतलं होतं.

पण सर्जेरावकाकांनी तुम्हाला गेल्या गुरुवारी इंदापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात पाहिलं. बरोबर अंथुर्ण्याचा दादासो होता, रस्त्याकडेच्या जागा घेऊन दुकानगाळे बांधणारा. काकांना पाहून तुम्ही मान फिरवलीत. वसतिगृहही रस्त्याकडेलाच आहे.

सोबत संस्थेची सचिव म्हणून नोटीस जोडते. त्या वीस गुंठ्यांबाबत कोणताही व्यवहार केल्यास संस्था तुमच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई मागेल. चोवीस वर्षांचा ताबा, देणग्यांच्या पावत्या आणि बेलभंडाऱ्याला हजर असलेल्या अकरा माणसांची प्रतिज्ञापत्रं मी गोळा केली आहेत. त्यात माझ्या वडिलांचंही आहे. हे टिकेल की नाही मला माहीत नाही, पण मी लढणार.

तात्या, मी हे तुमच्याविरुद्ध लिहितेय यावर माझा विश्वास बसत नाही. काल टायपिस्टकडे नोटीस देताना तुमचं नाव चुकवलं, आणि त्यानं ते दुरुस्त केलं.

ॲड. वैष्णवी


पळसदेव
१५ नोव्हेंबर २०२३

चि. वैष्णवी,

तुझी नोटीस मिळाली. रजिस्टर पोस्टानं. पोस्टमननं सही घेतली आणि विचारलं, "मास्तर, कुणाची हाय?" मी म्हटलं, माझ्या विद्यार्थिनीची. त्याला काय वाटलं देव जाणे.

दोनदा वाचली. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य फार लांबलंय, बाकी मसुदा पक्का आहे. मला बरं वाटलं. वैष्णवी, तुला वाटेल म्हातारा टोमणा मारतोय. नाही. इतकी वर्षं मला एकच धास्ती होती, की माझ्यामागं ह्या जागेसाठी कोण भांडेल. सर्जेराव देवमाणूस आहे, पण त्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही. मलाही येत नाही, म्हणून तर दीपकच्या कागदावर सही केली. तुला येतं. माझ्यासमोरही येतं. त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपलो.

दादासोला मी वसतिगृह नाही, गावातलं आपलं घर आणि मागची जमीन विकली. तुला कळवलं नाही, कारण तू अडवलं असतंस. त्या घरात कुशा नांदली. चाळीस पोरींच्या भाकरी तिनं पहिली पाच वर्षं त्या चुलीवर भाजल्या, आणि मी डोक्यावरून टोपली आणायचो. तू म्हणाली असतीस, तात्या, थोडं थांबू, काहीतरी बघू. मग माझंही मन मागं फिरलं असतं. सर्जेराव दिसला तेव्हा मान फिरवली, कारण डोळे भरले होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते.

पैसे माझ्या हातात आलेच नाहीत, दादासोनं थेट पतसंस्थेत भरले. तडजोड झाली. जामिनकीतून मोकळा केल्याचा त्यांचा दाखला सोबत आहे. शिक्का नीट उमटलेला नाही म्हणून मी दुसरा मारून घेतला, तू कुरकुर करशील म्हणून.

दीपक सहीला आला होता. बापाचं घर जातंय म्हणून खूप रडला. तो वाईट नाही, वैष्णवी. त्याला धंद्यात सगळं उद्या सुधारणार असं वाटतं.

आता ये इंदापूरला. आणि आल्यावर एक विचारायचं आहे.

जोतीराम


बारामती
१० जानेवारी २०२४

तात्या,

सातबाऱ्यावर संस्थेचं नाव लागलं. प्रत सोबत आहे. रंगूबाईंनी ती देवाजवळ ठेवून हळद-कुंकू वाहिलं, मग मला ती झटकून फाइलला लावावी लागली. बारामतीची भाड्याची इमारत नको म्हणून कळवलं.

नोटिशीबद्दल मी माफी मागणार नाही, कारण तुम्हाला राग येईल. पण नोंदणीच्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर तुम्ही अंगठ्याची शाई धोतराला पुसलीत आणि विचारलंत, "आता पुढच्या खोलीत येऊ का?" मी बस लागली म्हणून निघून आले. बस लागली नव्हती. मी स्टँडवर तासभर बसून होते.

उत्तर "नाही" असं आहे. ठराव मीच मांडला. जोतीरामतात्यांनी संस्थेत पद घेऊ नये आणि आवारात राहू नये. सर्जेरावकाका माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. पण दीपकदादानं बारामतीत आणखी दोघांकडून हातउसने घेतलेत, ते तुम्हालाही माहीत आहे. ती माणसं नोटिसा धाडत नाहीत, सरळ बापाला शोधत येतात. आणि उद्या दादा पुन्हा कागद घेऊन आला तर तुम्ही सही कराल. तुम्ही नाही म्हणू शकत नाही हे तुम्हीच लिहिलंय, माझ्याकडे ते पत्र आहे.

पुढच्या खोलीत आता आजारी पोरींची कॉट आहे. भिंतीवरचं तुमचं वेळापत्रक मी काढलं नाही. त्यात अजून "५.१० – कडी" असं लिहिलेलं आहे. कडी मीच शिकवून ठेवली आहे, आठवीतल्या पोरी पाळीनं वाजवतात.

तुम्ही यावं असं मला रोज वाटतं. म्हणूनच ठराव लेखी करून ठेवला.

वैष्णवी


पळसदेव
१२ नोव्हेंबर २०२४

चि. वैष्णवी,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. उन्हाळ्यात उजनी पार आटली होती. पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलं, लांबून लांबून लोक बघायला आले. ज्यांची घरं धरणात बुडालेल्या जुन्या गावात होती ते म्हातारे पायऱ्यांवर बसून आमचं दार इथं होतं, ओटा इथं होता म्हणून सांगत होते. मी त्यांच्यात जाऊन बसायचो. आता पुन्हा सगळं पाण्याखाली आहे.

तुझा ठराव मी मोडला नाही, पण वाकवला. तुला कळण्याआधी मीच सांगतो.

परवा रविवारी डॉक्टरकडे बारामतीला निघालो होतो. अंथुर्ण्याला बस थांबली आणि मी उतरलो. पालकांचा भेटीचा दिवस होता. फाटकाशी टेबल टाकून एक तिसरी-चौथीतली पोरगी बसली होती, दोन वेण्या, पुढं रजिस्टर. नवीन पद्धत दिसते, आमच्या वेळी नव्हती. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, ती आली तेव्हा मी गेलेलो होतो. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढं दोन रकाने होते, कोणाला भेटायचे आणि नाते. मी पेन धरून उभा.

ती म्हणाली, "आजोबा, तुमची कोण हाय हितं?"

मी म्हटलं, कोणी नाही, असंच आलो होतो.

ती म्हणाली, "मग सोडता येत न्हाय. ज्याची पोरगी हितं हाय त्यालाच आत सोडायचं, असा नेम हाय."

म्हटलं, बरोबर आहे. मागून एक बाप आला, मी बाजूला झालो. आत गलका चालला होता. मी कुंपणाबाहेर पाच मिनिटं ऐकला आणि स्टँडवर येऊन बसलो.

तिला रागावू नका. नेम चांगला आहे आणि पोरगी खंबीर आहे. तू म्हणत होतीस तसंच झालंय, वसतिगृहाला माझी गरज उरलेली नाही. हे व्हावं म्हणूनच घर विकलं. पण ते इतकं पुरतं होईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलो नाही. परतीची बस धरली.

जोतीराम


बारामती
२१ नोव्हेंबर २०२४

तात्या,

रजिस्टर मी दर महिन्याला तपासते. तुमचं अक्षर दिसलं तेव्हा तुमचं पत्र अजून आलेलं नव्हतं. नाव, गाव, आणि पुढं दोन रकाने कोरे. मी ते पान किती वेळ बघत होते ते विचारू नका.

ती पोरगी राजलक्ष्मी. तिला रागावले नाही. नेम माझाच आहे, आणि तुमच्यासाठीही तो बदलणार नाही. सर्जेरावकाका म्हणाले, "आगं, त्या माणसाला कसला नेम लावतीस?" मी म्हटलं, त्याच माणसाला आधी लावायचा, मगच बाकीचे पाळतील.

दुसरा नेमही सांगते. दिवाळीनंतर ज्यांचे आई-बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, त्या पोरींसाठी जवळपासच्या एका माणसाचं नाव पालक म्हणून लिहून द्यावं लागतं. भेटीला यायला, दुखलं-खुपलं तर निरोप द्यायला. राजलक्ष्मीची आई दुसऱ्या तुकडीतली, तुमच्या हातची. काल ती आणि नवरा माऊली निघायच्या आधी फॉर्म भरायला आले. त्यांना मी काही सुचवलं नव्हतं, शपथेवर सांगते. माऊलींनी मला विचारलं, मास्तर हल्ली कुठं असतात? मी पळसदेव म्हटलं. त्यांनी फॉर्मवर तुमचं नाव लिहिलं.

ठरावात पद नको आणि मुक्काम नको असं आहे. पालक नको असं कुठंही नाही. मी तो पुन्हा पुन्हा वाचून पाहिला.

नात्याच्या रकान्याशी माऊली अडखळले. बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "घरचं म्हणून लिवा." त्यांनी तसंच लिहिलंय.

पुढची भेट एक डिसेंबरला, रविवारी, दहा ते चार. रजिस्टरमध्ये दोन्ही रकाने भरा आणि आत या.

वैष्णवी